शेतकामातील सांगणे आणि उलट विचारणे

मृगाचा पाऊस होऊन रानास वाफसा आला, की आमच्या लोहारा भागातील काळ्या रानांतून पूर्वी तिफणी चालत. तिफणीवर दोन माणसांचे काम असे. एक जण बैल हाकी व अवजारावर दाब ठेवी; दुसरे माणूस, बहुधा घरातील एखादी जाणती बाई, चाड्यावर मूठ धरून बियाणे सोडी. या दोघांत दिवसभर बोलणे असे फारसे होत नसे. परंतु एक शब्द त्या बाईच्या तोंडून केव्हाही निघू शके, आणि तो निघाला की बैल जागच्या जागी थांबत. तो शब्द म्हणजे ‘तुंबली’. ओल्या मातीने एखाद्या फणाचे तोंड बुजले, नळीतून बियाणे खाली जाईना, हे ज्याच्या ध्यानात येई त्याने तत्काळ ओरडावयाचे, आणि पुढच्याने काही न विचारता थांबावयाचे, असा अलिखित नियम होता. ओरडणारी सून आहे की सासू, मालकीण आहे की मोलकरीण, हे त्या क्षणी कोणी पाहत नसे. कारण सर्वांस पक्के ठाऊक असे, की या क्षणी भीड धरली तर आठव्या दिवशी रिकामे तास उभ्या गावास दिसणार आहे.

आपल्या मासिकातून बियाणे, खते, पाण्याच्या पाळ्या, कीड व बाजारभाव यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु शेतावर काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, मालकाने काम कसे सांगावे, आणि गड्याने ते कळले नाही तर काय करावे, या विषयास कोणी हात घातलेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. हा काय विषय झाला, असे काही वाचकांस वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पुढे जे घडले ते सांगितल्यावर हा लेख का लिहावासा वाटला, हे ध्यानात येईल.

२०१९ सालच्या भाद्रपदात आमच्या मळ्यातील उसात रुंद पानांचे तण फार माजले होते. ते मारण्यासाठी टू-फोर-डी हे तणनाशक आणून आमच्या सालगड्याकडून फवारून घेतले. हे गृहस्थ वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे साल धरून आहेत. घरातील लहानथोर सर्व त्यांस मामा म्हणतात, व ते मला आण्णा म्हणतात. फवारणी आटोपली तेव्हा मी मोटारसायकलीवर बसता बसता म्हणालो, “मामा, पंप धुऊन ठेवा.” त्यांनी धुऊन ठेवला. चार दिवसांनी माळाच्या दोन एकर तुरीवर पाने गुंडाळणारी अळी दिसली म्हणून मी कीटकनाशक आणून दिले, आणि तोच पंप त्यांनी पाठीवर घेतला. तिसऱ्या दिवशी तुरीचे शेंडे वाकू लागले. पाने आकसून वाटीसारखी झाली, देठांस पीळ पडला. टू-फोर-डीचा अंश रुंद पानांच्या पिकास लागला की नेमके हेच होते, आणि तूर हे रुंद पानांचेच पीक आहे. पुढे पावसाने काही झाडे सावरली. तथापि खळ्यावर जे आले ते शेजारच्या शेताच्या निम्म्यानेही नव्हते.

मी संतापलो, हे सांगावयास नकोच. पंप धुवावयास सांगितला होता, तो धुतला नाही, असे माझे म्हणणे. मामांचे म्हणणे असे, की धुतला होता. दोघेही खरे बोलत होतो. मी ‘धुवा’ म्हणालो तेव्हा माझ्या मनात होते, की धुण्याचा सोडा घालून पाणी भरावे, ते रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी नळी व नोझलमधून काढून टाकावे आणि मग स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा खळबळावे. मामांनी हौदावर पंप उपडा करून एकदा पाणी फिरविले. धुणे या शब्दाचा त्यांच्या समजुतीप्रमाणे तोच अर्थ होता. मनातले सर्व त्या एका शब्दात बसले आहे असे मी धरून चाललो, हा माझा दोष.

परंतु खरी गोष्ट याहून पुढची आहे. राग ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी मी विचारले, की औषध भरताना पंपास वास आला नव्हता काय? त्या औषधाचा वास उग्र असतो व तो लवकर जात नाही. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वास आला हुता आण्णा. पर मागल्या हप्त्यात खताचं इचारलो तवा तुमी म्हणलाव, सांगितल्यालं कळत न्हाई का. मग ह्या बारीला इचारलो न्हाई.”

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. एका वाक्याच्या तिरसटपणाची किंमत दोन एकर तूर पडली. आणि ज्याच्या नाकास धोका कळला होता तो मनुष्य पंप पाठीवर घेऊन दिवसभर निमूटपणे चालत होता.

तेव्हापासून या गोष्टीकडे लक्ष देऊन पाहू लागलो. आपल्याकडे गड्याच्या तोंडी ‘व्हय’ हा एकच शब्द असतो, पण त्याचे अर्थ निदान चार आहेत. कळले, करतो, हा एक. ऐकले, पण कळले नाही, हा दुसरा. कळले, पण हे चुकीचे आहे आणि ते सांगण्याची माझी प्राज्ञा नाही, हा तिसरा. आणि मालक, आता आपण जा, म्हणजे मी माझ्या रीतीने करतो, हा चौथा. ऐकणाऱ्यास ते चारही सारखेच ऐकू येतात. आमचा लोहारा-उमरगा पट्टा कर्नाटकाच्या सीमेलगत असल्यामुळे आळंद-बसवकल्याण बाजूची कानडी बोलणारी माणसेही कामास येतात. त्यांच्या ‘हौदु’चीही तीच तऱ्हा आहे, किंबहुना परक्या भाषेत आपले अज्ञान दाखविण्याचा संकोच अधिक असल्यामुळे त्यांचा होकार अधिक तत्परतेने येतो.

यात गड्यांस हसण्याचे आम्हांस कारण नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता, आणि तालुक्याच्या कचेरीचा व अदालतीचा कागद उर्दूत चाले. आपल्या आजा-पणज्यांच्या पिढीतील जमीनदार म्हणविणारा कुणबीदेखील त्या कचेरीत हात जोडून उभा राही, समोर काय वाचले जात आहे ते न कळताही ‘जी’ म्हणे आणि अंगठा उठवून परत येई. उलट विचारावे तर साहेबाची मर्जी जाईल, हे भय. ते भय घरी आले तेव्हा आपण कचेरीतील साहेबाच्या जागी बसलो होतो, एवढाच फरक.

आता मापांचे पाहा. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, आपण बोलतो एकर व गुंठ्यांत, आणि औषधाच्या माहितीपत्रकावर प्रमाण पुष्कळदा हेक्टरी दिलेले असते. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी प्रमाण एकरी समजून कोणी वापरले, की औषध अडीचपट पडते. बरे, गड्याशी बोलताना आपण एकरही बोलत नाही, ‘पंपाला एक झाकण’ असे बोलतो. झाकण कोणत्या बाटलीचे? बाटल्यांची झाकणे लहान-मोठी असतात. पंप कोणता? हाताचा पंप व पेट्रोलवरचा पंप यांस एकरी पाणी सारखे लागत नाही, सबब एकाचे पंपामागचे माप दुसऱ्यास लावता येत नाही. ‘वरच्या रानात टाका’ असे म्हणावे, तर मालकाचे वरचे रान म्हणजे ओढ्यापलीकडचे, आणि गड्याचे वरचे रान म्हणजे बांधाच्या वरचे. अशी दुबोटी वाक्ये आपण दिवसातून किती बोलतो, हे ज्याने त्याने एक दिवस मोजून पाहावे. मी मोजली, आणि दुपारीच मोजणे सोडून दिले.

माझे नुकसान तुरीवर निभावले. सर्वांचे तसे निभावत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो इस्पितळांत दाखल झाली. त्यांत स्वतःच्या रानात फवारणारे शेतकरी होते, तसे रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. कारणे अनेक सांगितली गेली: पिकाची उंची, उष्ण व दमट हवा, औषधांची मिश्रणे, तोंडावर फडके नसणे. हे सर्व खरे. परंतु फवारणारास चक्कर येऊ लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, त्या पहिल्या अर्ध्या तासात तो कोणास काही बोलतो की अर्धा रोज बुडेल म्हणून ओठ दाबून पंप संपवितो, यावर पुष्कळ अवलंबून असते. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. हे कायद्याने ठरलेले आहे. परंतु हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तसे समजणे स्वाभाविक आहे, कारण हिरवा रंग आपल्याकडे चुड्याचा व पिकाचा. डब्यावरील बारीक अक्षरे चाळिशी लावूनही वाचवत नाहीत. ती गड्यास कोणी तरी मोठ्याने वाचून दाखविली पाहिजेत, आणि त्यावर त्यास चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

या बाबतीत आपल्याच भागात पूर्वी एक प्रयोग झालेला आहे, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. शेतीचा नाही, पण शिकण्यासारखा आहे.

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप येथे कोणास सांगावयास नको. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव त्यास पडले. परंतु त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेली व आज लोहारा तालुक्यात मोडणारी सास्तूर, होळी, राजेगाव ही आपली गावेही त्या पहाटे पडली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. आपली जुनी घरे म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडांच्या भिंती, त्यांत जोडास चिखल, आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळा आला की माळवदावर मातीचा नवा थर घालावयाचा. गळती त्याने थांबे, पण डोक्यावरचा भार वर्षानुवर्षे वाढत जाई. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगांस एकत्र धरून ठेवणारे लांब आडवे दगड क्वचितच घातलेले असत. हादरा बसला तशी भिंतीची दोन्ही अंगे फाकली आणि माळवद झोपलेल्यांवर आले.

पुढे १९९४ पासून महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. फारच मोडलेली पन्नासांवर गावे नव्या जागी वसविली. परंतु ज्या गावांत घरे उभी होती, पण तडकली होती, अशी गावे कितीतरी अधिक होती, व तेथे घरधन्याने स्वतः सरकारी मदत घेऊन घर दुरुस्त व मजबूत करावयाचे होते. येथे अडचण दगडाविटांची नव्हती, बोलण्याची होती. अभियंत्यांच्या बोलण्यात पट्टा, लिंटल, भिंतीचे बंध हे शब्द. गावकऱ्यांच्या मनात दगडाची दहशत. ज्या दगडाने पोरे मारली तोच दगड नीट बांधल्यास धोक्याचा नाही, हे कागदावर दाखविलेल्या आकृतीने त्यांस पटणार कसे? आणि न पटल्यास ते साहेबास सांगणार कोण?

तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेस शासनाने लोकसहभागाच्या कामी बरोबर घेतले, आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील हजारांहून अधिक गावांत गावच्याच बायांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. या बाया महिला मंडळांतून आलेल्या; त्यांतील कित्येकींनी तोपर्यंत चावडीची पायरी चढलेली नव्हती. मदत किती, कशासाठी, कोणत्या टप्प्यास मिळणार, भूकंपापासून घर सुरक्षित कसे होते, हे त्यांनी आधी स्वतः समजून घ्यावयाचे, मग घरोघर व बैठकीत सांगावयाचे. आणि माझ्या मते खरे महत्त्वाचे काम पुढचेच होते. घराघरांतील शंका व तक्रारी गोळा करून त्यांनी अभियंत्यांपर्यंत व तालुक्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवावयाच्या होत्या. निरोप्या एका बाजूनेच जातो. येथे जाणे-येणे दोन्ही होते. घरातील बाई जे प्रश्न साहेबास जन्मात विचारणार नाही, ते ती शेजारच्या काकूस चुलीपाशी सहज विचारी. १९९८ पर्यंत हा कार्यक्रम चालला. त्याचे सर्व काही साधले असे मी म्हणत नाही. पुष्कळांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी मदतीच्या रकमेत सिमेंटची एक नवी खोली उठविली व जुन्या भिंती तशाच ठेवल्या. दगडाची भीती शेवटपर्यंत गेली नाही. परंतु सांगणारा आणि करणारा यांच्यामध्ये, ज्यास निर्भयपणे विचारता येईल असे एक माणूस हवे, हे त्या कार्यक्रमाने ओळखले, आणि त्यास पदाचे नाव दिले, ही गोष्ट लहान नाही.

आमच्या शेतावर हे पद माझ्या सौभाग्यवतीकडे आले आहे, असे म्हटल्यास चालेल. खुरपणीच्या बायांस मी बांधावर उभे राहून ‘हळदीतले गवत मुळासकट काढा’ म्हणालो, तर बारा जणी ‘व्हय’ म्हणतात. ती त्यांच्याबरोबर पात धरून बसली, तर पाऊण तासाच्या आत तिला कळते, की जमीन फार कडक आहे, मुळे तुटतात, आणि काल पाणी दिले असते तर बरे झाले असते. हे मला कोणी सांगितले नसते. रोज दिवसाचा द्यावयाचा की काम गुत्त्याने द्यावयाचे, हेही आता आम्ही सकाळी पहिली पात धरण्यापूर्वी सर्वांदेखत बोलतो. पूर्वी ते सायंकाळी निघे व त्यातूनच पुढल्या दिवसाची रुसवाफुगवी होई.

शेजारच्या गावचे एक अनुभवी बागायतदार माझे स्नेही आहेत. त्यांस हे सर्व मान्य नाही. गड्यास उलट विचारू दिले की तो डोक्यावर बसतो, दहा वेळा विचारतो आणि कामाचा खोळंबा करतो, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खोळंबा होतो. पेरणीच्या दिवसांत वाफसा दोन दिवस टिकतो न टिकतो, तेव्हा प्रत्येक प्रश्नास उत्तर देत बसणे परवडत नाही. शिवाय काही जण न करण्यासाठीही विचारतात, आणि ते ओळखू येण्यास वेळ लागतो. यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच केले आहे, की पाडव्यास साल ठरविताना रकमेच्या, धान्याच्या व कपड्यालत्त्याच्या बोलीबरोबर मामांशी आणखी एक बोली केली. औषध, बी आणि वीज या तीन बाबतींत शंका आली, तर काम थांबवून विचारावयाचे, मी कोठेही असलो तरी फोन करावयाचा, आणि त्यापायी जो वेळ जाईल तो माझा. बाकी कामे त्यांनी आपल्या अकलेने करावीत, त्यांत मी बोलणार नाही. काम सांगून झाल्यावर “कळले ना?” असे विचारणेही सोडले. त्यास ‘व्हय’शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी, “मामा, आता पहिल्यांदा काय करणार?” असे विचारतो. उत्तरात माझी चूक निघते तितकीच त्यांचीही निघते. पहिल्या वर्षी त्यांस हे परीक्षा घेतल्यासारखे वाटले व ते दोन दिवस घुश्शात होते. तेव्हा मी उलट रीत धरली, बैलांच्या बाबतीत तेच मला सांगू लागले आणि मी काय करणार ते त्यांस सांगू लागलो. मग ते सैलावले.

तिफणी आता गेल्या. सोयाबीन ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने पडते. त्यास सात-नऊ नळ्या, आणि मागे फळीवर एक जण उभा असतो. पण इंजिनाच्या आवाजापुढे त्याचे ‘तुंबली’ ट्रॅक्टरवाल्यास ऐकू जात नाही. तो आपला पुढे पाहून, कित्येकदा कानात गाणी घालून, चालतो. माणूस मागे हात हलवून दमतो व नंतर हलविणेही सोडतो. सोयाबीनचे बी महाग, दीड-दोन इंचांहून खोल गेले तर उगवण मार खाते, आणि नळी तुंबली तर उगवणच नाही. दुबार पेरणीचा खर्च कोणास पेलत नाही. म्हणून गेल्या ज्येष्ठात आम्ही एक सुती दोरी ट्रॅक्टरवाल्याच्या दंडास सैल बांधून तिचे दुसरे टोक मामांच्या हाती दिले. ट्रॅक्टर भाड्याचा, चालविणारा पोरगा प्रथम हसला, मग वैतागला. पहिल्या सकाळी मामांनी तीन वेळा दोरी ओढली. दोनदा काहीच निघाले नाही, आणि पोराने माझ्याकडे पाहून डोक्यास हात लावला. तिसऱ्यांदा पाचव्या नळीच्या तोंडाशी चिकण मातीचा गोळा बसलेला निघाला. तेथून मागे चालत जाऊन माती उकरून पाहिली, तर सुमारे चाळीस पावले तासात दाणा नव्हता. तेवढे आम्ही तिघांनी मिळून हाताने टोकले.